विजेला आवरणारा आवाज

केंब्रिज

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आवाज विजेच्या मानाने इतका मंद, मग तो इलेक्ट्रॉनला कसा आवरणार, असे तुम्ही फोनवर विचारलेत. तेव्हा उत्तर अर्धेच राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. खरे तर त्याचा मंदपणाच येथे कामी येतो.

आपल्याला सेकंदाला फार तर 20,000 कंपने ऐकू येतात. इलेक्ट्रॉनला आवरणारा आवाज म्हणजे ज्या लहरी, त्यांची कंपने सेकंदाला अब्जावधी असतात आणि त्या स्फटिकाच्या पृष्ठभागावरून धावतात. अशा लहरींचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्येच मांडले होते. त्या सहज उठवण्याची युक्ती मात्र 1965 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या व्हाइट आणि व्होल्टमर यांनी दिली. धातूच्या दोन फण्या एकमेकींच्या दात्यांत दाते घालून बसवायच्या आणि त्यांना उलटसुलट व्होल्टेज द्यायचे. आमच्या स्फटिकात, म्हणजे गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात, वीज आणि दाब एकमेकांत बदलत असल्याने स्फटिक त्याच तालावर थरथरतो (सिलिकॉनच्या अंगी हा गुण नाही). आमच्या चिपवर एकेक दाता पाव मायक्रॉनचा आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सारी फणी एकसंध पट्टीसारखी दिसते, दाते पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

लहर पुढे सरकते तशी तिच्याबरोबर विद्युत क्षेत्राची चढ-उतारही सरकते, आणि उताराच्या तळाशी इलेक्ट्रॉन अडकतात. वाट पुरेशी अरुंद केली, की आजोळच्या विहिरीवरील रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे प्रत्येक खळगा एकच इलेक्ट्रॉन घेऊन निघतो. 1996 मध्ये येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत हे दिसून आले: सेकंदाला सुमारे 2.7 अब्ज लहरी, म्हणून प्रवाह सुमारे 0.43 नॅनोअँपिअर. अर्थात हे सारे निरपेक्ष शून्याच्या जवळच्या थंडीत. पुढे 2011 मध्ये ग्रेनोबल आणि केंब्रिज येथील गटांनी एकाच इलेक्ट्रॉनला एका क्वांटम डॉटमधून (म्हणजे एकदोन इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या चिमुकल्या जागेतून) काही मायक्रॉन दूरच्या दुसऱ्या डॉटपर्यंत लहरीवरून नेले. मला तरी यातले हेच काम सर्वांत देखणे वाटते.

आता मंदपणाविषयी. या स्फटिकात लहरीचा वेग सेकंदाला जेमतेम तीन किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या सुमारे लाखाव्या हिश्शाचा. त्यामुळे तितक्याच कंपनांच्या रेडिओलहरीपेक्षा ही लहर लाखपट आखूड होऊन चिपवर मावते. तुमच्या मोबाइलमधील बारीक फिल्टर याच जोरावर चालतात: अँटेनाचा संकेत क्षणभर आवाज होतो, नको त्या कंपनांना तेथेच अटकाव होतो आणि उरलेला पुन्हा वीज होतो.

वर्तमानपत्रे आता ‘आवाजावर चालणारे संगणक’ असे छापतील. त्यावर इतक्यात विसंबू नये. अँपिअरचे, म्हणजे विद्युत प्रवाहाच्या एककाचे, अचूक प्रमाण या मार्गाने मिळेल, अशी एके काळी आशा होती, परंतु अचूकतेत एकेक इलेक्ट्रॉन मोजून पुढे ढकलणारी इतर प्रकारची साधने (इलेक्ट्रॉन पंप) पुढे गेली. क्वांटम माहिती एका डॉटकडून दुसऱ्याकडे पोचवण्यासाठी मात्र ही वाट उपयोगी ठरावी, असे माझे मत आहे, आणि माझे सध्याचे कामही त्याच दिशेचे आहे.

सौ. आईस साष्टांग नमस्कार. दादरच्या काकांनाही हे पत्र वाचायला द्यावे. त्यांचाही हाच प्रश्न होता.

आपली,
मुक्ता