गुहागरच्या बॅगवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं. दुकानाच्या पाटीवर ‘चेन, बॅग, छत्री दुरुस्त करून मिळेल’ एवढंच होतं, आणि मी इतकी वैतागलेली होते की नाव-गाव विचारायची रीतसुद्धा विसरले. नोव्हेंबरात, त्रिपुरी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, खरचटलेला गुडघा आणि तुटलेला पट्टा घेऊन सायकलवाली एक बाई तुमच्या दारात उभी राहिली होती. ती मी. फोन नंबर घेतला नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. शेजारच्या स्टेशनरीवाल्याचा मुलगा सदान्कदा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला दिसला, तो वाचून दाखवेल अशी आशा आहे.

तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, “एवढं जड कशाला गो घेऊन फिरतेस?” मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर असं की मला जांभ्याच्या दीपमाळांचे फोटो काढायचं वेड आहे. गावोगावच्या देवळांपुढे त्या उभ्या असतात, शेवाळलेल्या, कुठे एखादा हात निखळलेला, आणि त्रिपुरीला त्यातल्या काही पेटतात. संध्याकाळच्या त्या उजेडात मोबाईलवर सगळा लाल चिखल येतो, म्हणून कॅमेरा. आणि गाडीने गेलं की देऊळ मागे पडल्यावर कळतं, म्हणून सायकल. कॅमेरा आणि लेन्स मिळून सव्वा किलो. हातात घेतलं तर काहीच वाटत नाही, पण ऐंशी किलोमीटर अंगावर वागवलं की तो सव्वा किलो पाच किलोचा होतो.

दोन वर्षं मी हा सव्वा किलो कुठे ठेवायचा याच्या मागे होते. आधी हँडलला बॅग लावली. चढावर हँडल आपल्या मर्जीने डोलायला लागलं आणि खराब रस्त्याचा प्रत्येक दणका थेट कॅमेऱ्याला बसायला लागला. लेन्सचे स्क्रू ढिले झाले. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि विचारलं, “मॅडम, ट्रॅक्टरला बांधून नेला होता का?” मागच्या कॅरिअरवर तर त्याहून वाईट, तिथे ना अंग मध्ये असतं, ना हात, नुसतं लोखंडावर लोखंड आपटतं. मग पाठीवरची सॅक आली. त्यात कॅमेरा सुखरूप असतो, पण पाठ घामाने थबथबते, आणि थांबा, सॅक उतरवा, चेन उघडा, कॅमेरा काढा, एवढं होईपर्यंत देवळाच्या कौलांवरचं ऊन निघून गेलेलं असतं. चार वेळा असं झालं की माणूस पाचव्या वेळी थांबतच नाही. घरी येऊन बघावं तर सायकल चालवली खूप, फोटो तीन.

शेवटी पुण्यातल्या एका मोठ्या कॅमेरा दुकानात गेले. सायकलसाठी हवंय हे तीनदा सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने खांद्यावरून तिरका जाणारा एक पट्टा दिला, तीन हजार चारशेचा, आणि मला आरशासमोर उभं केलं. उभं राहिल्यावर तो उत्तमच दिसत होता! सायकल कोणी आरशासमोर उभं राहून चालवत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. त्याला तर हवंच होतं. हँडलवर वाकलं की कॅमेरा पाठीवरून घसरून पोटाखाली लोंबायचा आणि पेडल मारताना गुडघ्याला लागायचा. परत गेले. तर म्हणे, छातीचा पट्टा वेगळा मिळतो, तो घ्या. तो घेतला. तो बनवणाऱ्याने बाईची छाती कधी हिशेबात धरलेलीच नसावी. बांधला की श्वास अडकतो आणि सैल केला की असून नसल्यासारखा. दुकानात तिघे पुरुष उभे होते, त्यांना हे समजावून सांगण्याचा धीर मला झाला नाही. “सवय होईल,” असं त्यातल्या एकाने सांगितलं.

आमच्या सायकलच्या मंडळींचं आणखी निराळं. तिथे कुणाला काही विचारलं की आधी त्याची सायकल किती हलकी आहे ते ऐकावं लागतं. “कॅमेरा कशाला, मोबाईल आहे ना” हे किती जणांनी सांगितलं, ते मोजणं मी सोडून दिलं.

धोपाव्याला काय झालं ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडली, आणि उतरल्या उतरल्या चढ लागतो तो तुम्हाला माहीत आहे. उभी राहून पेडल मारत होते. कॅमेरा नेहमीसारखा पुढे घसरला, गुडघ्याने त्याला ठोसा दिला आणि बकल टक्कन तुटलं. पट्ट्याचं सुटलेलं टोक पुढच्या चाकात गेलं. चढ होता म्हणून वेग माणसाच्या चालण्याएवढाच होता, मी कुशीवर पडले, गुडघा सोलवटला, लेन्सच्या तोंडावरचं प्लास्टिकचं कडं फुटलं, एवढ्यावर निभावलं. पण उरलेल्या वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं: हेच उतारावर झालं असतं तर? दुकानात फोन केला. तिकडून उत्तर आलं, “तो सायकलवर वापरायचा नव्हता, मॅडम.”

मग गुहागरचा बाजार, आणि तुम्ही.

तुम्ही आधी पट्टा बघितलाच नाहीत. मला बघितलंत, गुडघा बघितलात, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणलात. त्यानंतर पट्टा हातात घेऊन उलटापालटा केलात आणि म्हणालात, “हा उभ्या माणसाचा आहे. तू सायकलवर कशी बसतेस ती बसून दाखव बघू.”

मावशी, दोन वर्षांत हे वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं.

स्टेशनरीवाल्याच्या मुलाने सायकल धरली आणि मी हँडलवर वाकले. तुम्ही खडू घेऊन माझ्या टी-शर्टवर सरळ खुणा केल्यात. एक खूण अजून पुरती गेलेली नाही, मीही फार घासलेली नाही. छातीवरचा पट्टा तुम्ही नुसता डोळ्याने बघितलात आणि काही न बोलता, काही न विचारता, काढून बाजूला ठेवलात. त्याऐवजी बारीक पट्टा काखेखालून घेतलात. मला एक शब्दही समजावून सांगावा लागला नाही. तुम्हाला वाटेल यात काय एवढं, पण त्या तीन पुरुषांसमोर मी कशी अवघडून उभी होते ते आठवून मला तुमच्या त्या फाटक्या स्टुलावर बसल्या बसल्या रडू येणार होतं.

कुणाच्या तरी शाळेच्या दप्तराचा जाड पट्टा, मोडक्या छत्रीचं कापड, थोडा स्पंज, आणि कॅमेऱ्याच्या कडीला वेगळी बांधलेली नाडी. “बकल तुटलं तर ही धरील,” म्हणालात. एकाच बकलच्या भरवशावर कॅमेरा टांगायचा नसतो, हे चौतीसशे रुपयांत मला कोणी सांगितलं नव्हतं. शिवण कशी घातलीत, किती फेऱ्या मारल्यात, ते मला कळलं नाही आणि इथे लिहूनही उपयोग नाही. काळा दोरा संपला होता. “लाल चालेल काय?” असं तुम्ही इतक्या गंभीरपणे विचारलंत की मीही गंभीरपणे विचार करून हो म्हटलं.

पण मला पत्र लिहावंसं वाटलं ते शिवणीसाठी नाही.

पट्टा झाल्यावर तुम्ही म्हणालात, “आता चालव.” मी निघाले तर तुम्हीही निघालात. माझी पाठ आणि कॅमेरा यांच्यामध्ये तळवा घालून, स्लीपर फटफटवत, व्याडेश्वराच्या दिशेने त्या अरुंद रस्त्याने तुम्ही माझ्या बाजूने चालत होतात, मग चक्क धावत. मधेच, “वाक. आता उभी राहा. टोचतंय काय गो? मणक्यावर येतंय, थोडं कुशीकडे घेऊया.” मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला तुम्ही दुसऱ्या हाताने थांबवलंत. पाठीवर पडले तर कॅमेऱ्याचा कडक ठोकळा मणक्यात घुसू नये, म्हणून तुमच्या तळव्याने ती जागा शोधली: बरगड्यांच्या खाली, कण्याच्या उजवीकडे, जिथे अंग मऊ असतं. परत येऊन टाके उसवलेत आणि दोन बोटं सरकवून पुन्हा घातलेत.

तो तळवा मला अजून जाणवतो. आई लहानपणी सायकल शिकवताना सीट धरून पळायची, त्यानंतर माझ्या सायकलीबरोबर कोणी धावलेलं नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

पैसे किती विचारल्यावर “एकशेवीस” म्हणालात. दोनशेची नोट दिली तर ऐंशी मोजून परत दिलेत. मी “राहू दे” म्हणणार होते, तुमच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसले. कामाचे पैसे घेतलेत ते बरं केलंत. फुकट करून दिलं असतंत तर मी ओशाळले असते आणि पुन्हा यायला कचरले असते. आपल्याकडे चांगुलपणा म्हटलं की फुकट दिलेलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. मला हल्ली समोरच्याचं नीट ऐकून मग कात्री हातात घेणारी माणसं जास्त चांगली वाटायला लागली आहेत. ती कमी असतात, आणि त्यांच्या दुकानात आरसा नसतो.

पुढचं सांगायचं तर पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळहून बोटीने जयगड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या कड्यावरून रत्नागिरी. हे सगळे चढउतार तुमच्या पट्ट्याने केले. एक पाय टेकवायचा, पट्टा ओढायचा, कॅमेरा पाठीवरून पुढे येतो. फोटो झाला की ढकलायचा, जातो. दीपमाळा, जाळी ओढणारे, कौलांवर वाळत घातलेलं काहीबाही, सगळं मिळालं. त्रिपुरीच्या रात्री एका छोट्या गावात दीपमाळेवर पणत्या लावणारा मुलगा शिडीवर चढला होता, तो फोटो मी मोठा करून घेतला आहे, तुमच्यासाठी. समुद्रावरच्या दमट हवेने लेन्सला बुरशी धरू नये म्हणून रात्री सगळं उघडून वाळवत होते, तेव्हा तुमचा स्पंजही वाळत घालायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला माझ्या घामाचा वास लागला होता. सॉरी.

घरी आल्यावर एक गोष्ट वाचनात आली. पिट्सबर्गचा फ्रँक लेंझ नावाचा तरुण 1892 मध्ये सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाला होता. कॅमेऱ्याची अवजड पेटी त्याने पाठीवरच बांधली होती. 1894 मध्ये तो तुर्कस्तानात नाहीसा झाला, पुन्हा कुणाला दिसला नाही. वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की त्याचा पट्टा कोणी शिवला असेल आणि त्याला कुठे टोचत असेल.

जानेवारीच्या शेवटी पुन्हा येतेय. बरोबर दोन मैत्रिणी आहेत, दोघींकडे कॅमेरे आहेत आणि दोघींकडे तोच चौतीसशेचा पट्टा. त्यांना मी काही समजावलेलं नाही, फक्त एवढंच सांगितलंय की टी-शर्ट जुना घाला, खडू लागतो. फोटो तेव्हाच आणून देईन.

आणि मावशी, काळा दोरा आणून ठेवला असलात तरी माझ्या पट्ट्याला लावू नका. एक टाका सैल झालाय, तो लालच घाला.

तुमची,
सायकलवाली