हायेस्ट पॅकेज नको, मीडियन छापा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

बारावी अन सीईटीचा निकाल लागला की आपल्या पेपरची करिअर पुरवणी येते, त्यात अर्ध्या पानावर टाय घातलेला पोरगा अन खाली ठळक अक्षरात ४० लाखांचं पॅकेज. माझं चोपड्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू झाले की पालक तेच पान घडी करून खिशात घालून येतात, सोबत पोरगं, ते विचारतं काका कुठली ब्रांच घेतली म्हणजे पंचविशीत करोडपती होता येईल? मी म्हणतो भो, आधी कॅटेगरी सांग.

साहेब ते ४० लाख एकाच पोराचे असतात. बाकीच्यांचं काय झालं हे एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगमध्ये, भाग घेणाऱ्या कॉलेजच्या वेबसाईटवरच असतं, पीडीएफ असते, किती पास झाले, किती प्लेस झाले अन मीडियन सॅलरी किती, म्हणजे पगाराच्या रांगेत बरोबर मधल्या पोराला काय मिळालं. यावलकडच्या एका केळीवाल्या दादांना ती उघडून दाखवली तर त्यांनी तिथंच ऑप्शन फॉर्मवरचे, म्हणजे पसंतीच्या यादीतले, वरचे तीन कॉलेज खाली ढकलायला लावले. पोरगं रुसलं, बाहेर जाऊन गाडीवर बसलं.

अन हिशोब कोणी करतच नाही. १० लाखांचं लोन, १० टक्क्यांनी, १० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १३,२०० च्या वर जातो. आयटीत फ्रेशरला साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे हातात पंचवीस हजार, त्यात पुण्यात कॉट बेसिस, मेस, गाडीचं पेट्रोल... श्रीमंत होणं लांबच, महिनाअखेरीला घरूनच पैसे मागवतात. त्यापेक्षा जळगावचं सरकारी इंजिनिअरिंग किंवा विद्यापीठाचं केमिकल टेक्नॉलॉजीचं यूआयसीटी मिळत असेल तर घ्या ना, डोक्यावर कर्ज कमी असेल तर पहिल्या पगारापासून काहीतरी शिल्लक पडतं. मुलींना तर २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांत प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी माफ आहे, हे पण लोकांना दुकानात आल्यावर कळतं!

कोणी म्हणेल नोकरी कशाला, धंदा करा. करा की. पण जळगावच्या जैन इरिगेशनवाल्या भवरलाल जैनांचंच बघा, १९६३ मध्ये ७ हजारांवर रॉकेलपासून सुरुवात केली, अन पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले ते १९७८ ला. मधली १५ वर्षं रीलमध्ये कोणी दाखवत नाही.

जाहिराती छापू नका असं म्हणत नाही, पेपर त्यावरच चालतो. फक्त शेजारी एक चौकट टाका, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांची फी, किती प्लेस झाले अन मीडियन. अन पहिल्या राउंडच्या आधी टाका, कारण पहिला ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीज होते, म्हणजे आपोआप पक्की होते, पुढच्या राउंडला बदलता येत नाही, मग माझ्या दुकानात येऊन उपयोग नाही.

आपला एक वाचक,
चोपडा, जि. जळगाव