ट्यूबलाइट बंद करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

निरोप घेताना आपण "माझं नाव कुठे लिहू नका, चर्चचंही नको" असे सांगितले होते, म्हणून दोन्ही नावे लिहीत नाही. नागपुरात इतकी वर्षे राहूनही मी आपल्या चर्चच्या खिडक्या फक्त रस्त्यावरून पाहिल्या होत्या, आणि भर दुपारी रस्त्यावरून त्या खिडक्यांमध्ये काळपट काचा आणि शिशाच्या पट्ट्यांची जाळी यांपलीकडे काहीच दिसत नाही. त्या काचांमध्ये काय आहे, हे माझ्या मुलीमुळे आणि आपल्यामुळे कळले. हे पत्र आपले आभार मानण्यासाठी आहे आणि ते सगळ्यांसमोर मानायचे आहेत, कारण याआधी जे वाट्याला आले तेही सगळ्यांसमोरच आले होते.

माझ्या लेकीच्या उजव्या डोळ्याला दृष्टी नाही. डाव्या डोळ्याला प्रकाश कळतो, ठळक रंग कळतात, जाड काळी रेघ जवळून कळते. चेहरे आणि अक्षरे कळत नाहीत. एवढे सांगितले की समोरचा माणूस हमखास तिच्या नाकासमोर हात धरतो आणि विचारतो, "किती बोटं आहेत सांग?" डॉक्टरांनी विचारले तर ते त्यांचे काम आहे, पण लग्नाच्या मांडवात, शाळेच्या व्हरांड्यात, अगदी बसस्टॉपवरही लोक विचारतात आणि तिला उत्तर आले नाही की माझ्याकडे पाहून चुकचुकतात. गेल्या वर्षी शहरातल्या एका चित्रप्रदर्शनाच्या दाराशी एका जबाबदार माणसाने मला तिच्यादेखत ऐकवले, "हिला काय दिसणार? बाहेर बसवा हिला, तुम्ही बघून या." आम्ही दोघी परत आलो. रंगांची तिला किती भूक आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते, आणि विचारून घ्यावे असेही त्याला वाटले नाही. दुसरीकडे, नवस सांगणारे, अंगारे देणारे आणि "तिथे एकदा नेऊन तर बघा" म्हणणारे आप्तही खूप भेटले. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण मुलगी आहे तशी त्यांना चालत नाही, हे तिला बरोबर समजते.

आपल्याकडे आम्ही आलो तेव्हा सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपून गेली होती. वेदीजवळ दोन बायका फुले लावत होत्या, सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या आणि खिडक्या फिकट, धुतल्यासारख्या दिसत होत्या. मी आपल्याला नेहमीचे सगळे सांगू लागले, तेव्हा आपण मला मध्येच थांबवून तिलाच विचारले, "बेटा, उजेड जास्त असला की तुला बरं दिसतं की कमी?" हा प्रश्न आजवर तिला डॉक्टरांशिवाय कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड असला की सगळीकडे धुके होते. आपण मान हलवली, त्या बायकांजवळ जाऊन "थोडा वेळ दिवे बंद केले तर चालेल ना?" असे विचारले आणि भिंतीवरच्या जुन्या लाकडी बोर्डापाशी जाऊन एकेक बटण खाली केले. त्या बायकांनी हातातली फुले बादलीत ठेवली आणि एक शब्द न बोलता त्या बाकावर जाऊन बसल्या. आत अंधारले, आणि पूर्वेकडची खिडकी एकदम पेटली. माझ्या मुलीने माझा हात घट्ट धरला आणि ती मोठ्याने म्हणाली, "आई, केवढं निळं आहे!"

काका, त्या एका कृतीसाठी मी हे पत्र लिहीत आहे. पुढचे सगळे आपण किती छान सांगितलेत ते मी लिहीनच. पण आधी तिच्या डोळ्यांना काय हवे ते तिलाच विचारणे, ज्यांचे काम थांबणार त्यांची परवानगी घेणे आणि मग एका मुलीसाठी सगळ्या चर्चचे दिवे बंद करणे, हे ज्या माणसाला सुचते त्याच्यापुढे मला हात जोडावेसे वाटतात.

निळ्यापासूनच आपण सुरुवात केलीत. हा पवित्र मरियेच्या झग्याचा निळा, आकाशाचा रंग. तिच्या डोक्याभोवती बारा ताऱ्यांचा मुकुट आणि पायाखाली चंद्र आहे, कारण बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातल्या 12व्या अध्यायात सूर्य पांघरलेल्या अशाच एका स्त्रीचे वर्णन येते. हातातली लिली तिच्या निर्मळपणाची खूण. मग आपण जे सांगितलेत ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले आहे. सूर्याचा किरण काचेतून आरपार येतो, पण काच फुटत नाही, तडकत नाही, उलट त्या किरणाला काचेचा रंग लाभतो. मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखकांनी कुमारी मरियेच्या पोटी येशू जन्मला ते समजावायला हाच दृष्टान्त वापरला. म्हणजे मरियेच्या खिडकीत नुसते चित्र प्रतीक नसते, काच आणि तिच्यातून येणारे ऊन हेही प्रतीकच असते. माझा धर्म वेगळा आहे, पण इतका नेमका दृष्टान्त ऐकून मी थक्क झाले. पुढे वाचताना कळले की काचेतला असा गडद निळा कोबाल्टमुळे येतो, आणि फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये मरियेची अशीच एक निळी खिडकी आहे, जिचा मुख्य भाग 12व्या शतकातला असून 1194 च्या मोठ्या आगीतूनही तो वाचला. कोणीतरी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी भट्टीत घडवलेला निळा आजही तिथल्या फरशीवर पडतो, हे मी मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "इथल्यासारखाच?"

लाल रंगाविषयीही आपण तिला अर्धवट काही सांगितले नाही. लाल म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या रक्तसाक्षींचे रक्त आणि लाल म्हणजेच पवित्र आत्म्याची ज्वाला, हे आपण एका दमात सांगितलेत. पिल्लांना स्वतःच्या छातीतले रक्त पाजणारा पेलिकन पक्षी तिला दिसणे शक्य नव्हते, पण त्याच्या छातीवरचा लाल ठिपका तिने बोटाने दाखवला. जुन्या समजुतीप्रमाणे तो पक्षी पिल्लांना असेच जगवतो, आणि म्हणून तो क्रुसावरच्या ख्रिस्ताची व मिस्सेतल्या भाकरी-द्राक्षारसाची खूण झाला, हे ऐकून ती बराच वेळ गप्प होती. पक्षी खरोखर तसे करत नाही, हेही आपण लगेच सांगितलेत. मुलांना खोटे सांगू नये, एवढी साधी गोष्ट पाळणारेही आता थोडे उरले आहेत.

येशूची जीवनकथा सांगणाऱ्या चार पुस्तकांच्या लेखकांच्या, म्हणजे चार शुभवर्तमानकारांच्या खिडकीपाशी तिने आपल्याला हैराण केले असेल. मत्तयाजवळ पंखांचा माणूस, मार्काजवळ सिंह, लूकजवळ बैल आणि योहानाजवळ गरुड. तिचा हट्ट असा की बैलच का? यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनापासून हे चार प्राणी कसे चालत आले ते आपण सांगितले, आणि मग तिला समजेल असे कारणही दिले: लूकचे पुस्तक मंदिरात सेवा करणाऱ्या जखऱ्या याजकापासून सुरू होते आणि बैल हा मंदिरातल्या बळीचा प्राणी, मार्काचे पुस्तक अरण्यात ओरडणाऱ्याच्या वाणीने सुरू होते, म्हणून सिंह, मत्तय येशूची वंशावळ सांगतो, म्हणून माणूस, आणि योहान पहिल्याच ओळीत आभाळात भरारी घेतो, म्हणून गरुड. तान्हा पोळ्याला नटवलेला लाकडी बैल ओढत गल्लीभर फिरलेल्या नागपूरच्या मुलीला लूक सर्वांत जवळचा वाटला, यात नवल नाही.

आणि तोबियाची खिडकी. ती कोपऱ्यातली लहानशी खिडकी आपण शेवटी दाखवलीत, आणि दाखवण्याआधी माझ्याकडे एकदा पाहिलेत, ते माझ्या लक्षात आले. हिरव्या-पिवळ्या काचांत एक मुलगा चालला आहे, हातात मासा, शेजारी काठी घेतलेला राफाएल देवदूत आणि पायाशी कुत्रा. तोबीतचे पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये ते धरले जात नाही, हे मला तोवर माहीत नव्हते. म्हातारा तोबीत भिंतीकडेला निजलेला असताना चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून आंधळा होतो, वैद्यांची औषधे होतात तसतसा अंधार वाढतच जातो. मुलगा तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, सोबत वाटाड्या म्हणून आलेला माणूस देवदूत आहे हे त्याला ठाऊक नसते. तैग्रीस नदीत एक मोठा मासा त्याच्या अंगावर येतो आणि त्याच माशाचे पित्त डोळ्यांना लावून शेवटी बापाला दिसू लागते. ही गोष्ट आंधळ्याच्या बऱ्या होण्याची आहे आणि ऐकणारी माझी मुलगी होती. आपल्या जागी दुसरे कोणी असते तर तिथेच "प्रार्थना करा, हिलाही दिसेल" असे म्हणून गेले असते. आपण गोष्ट पूर्ण सांगितलीत आणि तिने "मग मला?" असे विचारले तेव्हा म्हणालात, "ही तोबीतची गोष्ट आहे बेटा. तुझ्या डोळ्यांचं मला सांगता येणार नाही, ते तुझे डॉक्टर सांगतील." मग तिला खिडकीच्या अगदी खाली उभे करून तिचा तळहात उन्हात धरायला सांगितलात. हातावर हिरवा डाग पडला. मासा कुठे आहे ते तिने त्यावरून बरोबर ओळखले.

आपण श्रद्धावान आहात, आपले सगळे आयुष्य त्या वेदीच्या आसपास गेले आहे. तरीही आपण तिच्या आजाराचा उपयोग आपल्या श्रद्धेचा महिमा सांगण्यासाठी केला नाहीत. ही सभ्यता मला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे, आणि जिथे दिसली तिथे ती पदव्या किंवा पाट्या लावलेल्यांकडे नव्हती. पोप ग्रेगरी यांनी इ. स. 600 च्या सुमारास मार्सेयच्या बिशपला लिहिलेल्या एका पत्रात म्हटले आहे की ज्यांना वाचता येत नाही त्यांनी भिंतींवरच्या चित्रांमधून ते वाचावे, म्हणून चित्रे नष्ट करू नयेत. ते मी वाचले तेव्हा पहिल्यांदा प्रदर्शनाच्या दाराशी उभा असलेला तो माणूस आठवला. जी कला अक्षर न ओळखणाऱ्यांसाठी जपली गेली, तिच्या दारातून माझ्या मुलीला बाहेर बसायला सांगणे हा त्या कलेचाही अपमान होता. आपण कोणाला न सुनावता त्याची भरपाई केलीत.

त्या फुले लावणाऱ्या दोघींनाही माझा नमस्कार सांगावा. आम्ही निघेपर्यंत त्यांनी दिवे लावा असे म्हटले नाही, आणि त्यांची फुले बादलीत तशीच राहिली होती.

घरी आल्यावर लेकीने दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी आणून ठेवलेला जिलेटीन कागद काढला, इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी मागून घेतली आणि स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीवर स्वतःची खिडकी केली. सर्वांत वर निळा, मध्ये लाल, खाली हिरवा. मासा कुठे आहे हे ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, आणि बोटे मोजायला लावणाऱ्या एका पाहुण्यालाही तिने आधी मासा शोधायला लावला.

29 सप्टेंबरला राफाएलचा सण असतो असे आपण म्हणाला होतात. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी येऊ, मिस्सा संपल्यावर, आपल्या सोयीने. तिचा एक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्याकडूनच हवे, असे तिने बजावून सांगितले आहे: तोबियाच्या कुत्र्याचे नाव काय? मी पुस्तक उघडून पाहिले. कुत्रा तोबियासोबत निघतो आणि परत येतानाही मागे मागे येतो, पण त्याचे नाव कुठेच दिलेले नाही. ती म्हणते, काकांना विचारून आपण ठेवू.

आपली आभारी,
एक आई
नागपूर