घरातले वेल्डिंग: खालच्या मजल्यांनाही कळवा

गणपतीच्या आधी घरांची डागडुजी निघते आणि मुंबईच्या चाळी-सोसायट्यांत ग्रिलचे, सेफ्टी डोअरचे वेल्डिंग थेट घरातच सुरू होते. गेल्या आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावर ग्रिल जोडताना ठिणग्या खाली आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडल्या. चादरीला भोके पडली, तेवढ्यावरच निभावले.

या ठिणग्या १० मीटरपर्यंतही उडतात. फटीत किंवा गादीखाली गेलेली ठिणगी धुमसत राहते आणि कारागीर निघून गेल्यावर पेट घेते. त्यामुळे काम संपल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथे थांबलेच पाहिजे. गाद्या, पडदे आणि सिलिंडर आधीच दुसऱ्या खोलीत हलवावेत, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. मशीन घरातल्या साध्या प्लगला जोडू नये, वायरिंग तापते.

मुले कौतुकाने ते पाहत उभी राहतात, याची मला फार काळजी वाटते. तो प्रकाश पाहिल्यावर लगेच काही जाणवत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे चुरचुरते. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा धूर छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. बंद खोलीत हे काम नकोच.

खरे तर जोडकाम वर्कशॉपमध्ये करून घरी फक्त बोल्टने बसवता येते. ते शक्यच नसेल, तर सोसायट्यांनी आदल्या दिवशी खालच्या सर्व मजल्यांना कळवण्याचा नियम करावा.

– एक वाचक, परळ