बाई, तुम्ही मला खाली बसवलंत

प्रिय अंगणवाडीच्या बाई,
सादर नमस्कार.

येत्या जूनमध्ये पोरगा पहिलीला जाईल. त्याआधी हे लिहायला हवं, आणि चारचौघांत लिहायला हवं, कारण मी तुमच्याशी भांडले होते तीही चारचौघांतच.

दोन वर्षं झाली. माझ्या जावेची मुलगी शहरातल्या एका केजीत जायची, एबीसीडी लिहून दाखवायची. आमचा चार वर्षांचा पोर अंगणवाडीतून यायचा तो हाताला लाल माती आणि खिशात खडे घेऊन. मी दारातच आवाज चढवला, "आवो बाई, नुसतं खेळूलेत की वो पोरं! लिहायला कधी शिकवणार?" घरी मी त्याला पाटीवर 'अ' गिरवायला बसवत होते. हात दुखतो म्हणून तो रडायचा. मला वाटायचं, सोंग करतोय.

तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, "उद्या तासभर इथं खाली बसा. बोलू नका, नुसतं बघा."

बसले. भातुकली चालली होती. पाव्हणे पाच, करवंट्या चार. पोरानं बोटावर मोजलं, "एक कमी पडली," म्हणाला आणि शोधायला उठला. करवंटी मिळेना, तर फणसाचं पान घेऊन आला. याच पोराला 'मोजता येत नाही' म्हणून मी चापट मारली होती. शेजारी एक चिमुरडी मातीच्या भाकऱ्या थापत होती. तिच्याकडं बघत तुम्ही हळूच सांगितलंत, मनगटात आठ बारकी हाडं असतात, या वयात त्यातली बरीचशी अजून कूर्चाच, म्हणजे मऊच असतात, शेवटचं तर आठव्या-नवव्या वर्षानंतर घट्ट होतं. माती मळू दे, चिंचोके चिमटीत धरू दे, पेन्सिल धरायची ताकद तिथूनच येते. त्या रात्री त्याचा हात हातात घेऊन मी बराच वेळ जागी होते. तो हात खरंच दुखत होता, बाई.

मग मीच बघायला शिकले. शेजारच्या कन्नड घरातल्या पोराबरोबर लपंडाव खेळता खेळता तो 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणत वीसपर्यंत गेला. ते पोर आमच्या ओट्यावर मराठीत भांडायला लागलं. मी इतकी वर्षं इथं राहते, मला अजून बाजारापुरतंच कन्नड येतं.

पालकांच्या बैठकीत कुणी तरी म्हणालं, खेळण्यांना पैसे कुठले? तेव्हा तुम्ही लहान मुलांच्या शिक्षणासाठी राबलेल्या ताराबाई मोडकांचं सांगितलंत. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेही शंख-शिंपले, पानं, बिया अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर. दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांनी घरातल्या करवंट्या घासून आणल्या.

ह्यांचं मन मात्र दिवाळीतच वळलं. आपल्याकडं गल्लोगल्ली किल्ले होतात, पण ह्यांना तो मातीतला वेळ वाया वाटायचा. पोराचा बुरूज तीनदा ढासळला. चौथ्यांदा त्यानं खाली दगड रचले, वर माती लिंपली. हे गवंडीकाम करतात. बघत उभे होते, मग चपला काढून त्याच्या शेजारी बसले.

यंदाच्या चिंचा फोडून झाल्या आहेत. चिंचोके धुऊन, वाळवून, दोन पिशव्या भरून ठेवल्यात. सोमवारी पोरगाच घेऊन येईल.

तुमची,
एका पोराची आई
खानापूर तालुका, जि. बेळगाव