आधी कुणाकडे जायचं?

मा. संपादक,

मागच्या महिन्यात बाबा न्यूमोनियासाठी नागपुरातल्या एका रुग्णालयात होते. रात्री दोनला वॉर्डात गलका चालू होता: कुणाचं सलाईन संपलेलं, कुणाचे नातेवाईक दुखण्याच्या इंजेक्शनसाठी भांडत होते. बाबा मात्र गप्प पडून. सिस्टर आधी त्यांच्याकडेच आल्या. घड्याळ बघत पूर्ण मिनिटभर छातीची हालचाल मोजली: 28. मोठ्या माणसाचा श्वास शांत असताना मिनिटाला 12 ते 20 असतो. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन 94 टक्के दाखवत होतं, म्हणून आम्ही निर्धास्त! पाठीशी उशा देत त्यांनी विचारलं, "काका, आत्ता कुठं आहात?" बाबा म्हणाले, "इतवारीत, दुकानात." सिस्टरांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. तासाभरात बाबा आयसीयूत. आता घरी आहेत.

सलाईनवाले काका सिस्टरांवर ओरडले, तेही आम्ही ऐकलं.

तीसेक रुग्णांना त्या एकट्याच होत्या. वर रजिस्टरं आणि औषधांचा हिशेब. निदान या लिखापढीला रात्रपाळीत एक कारकून का देत नाहीत?

– एका रुग्णाची मुलगी, महाल, नागपूर