यादीत नाव नको

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या दहा ‘चुकवू नयेत’ अशा सँडविचच्या गाड्यांची यादी वाचली. खाली ‘तुमची आवडती गाडी कळवा’ असंही होतं. कळवते. फक्त गाडीवाल्याचं नाव आणि नेमका कोपरा सांगणार नाही. यादीत आलं की शनिवार-रविवारी मोबाइल उंचावून पोरं येतात, आणि मग आम्हा रोजच्या गिऱ्हाइकांना रांगेत उभं राहावं लागतं. गिरगावात आहे, एवढं पुरे.

मी फोर्टातल्या एका बँकेत 31 वर्षं नोकरी केली. संध्याकाळी चर्नी रोडला उतरायचं आणि घरी जाऊन कुकर लावायच्या आधी या गाडीशी दहा मिनिटं थांबायचं. बँकेतलं काम संपलेलं, घरातलं सुरू व्हायचं. मधली ती दहा मिनिटं मला कोणी काही विचारत नसे. घरी कधी सांगितलं नाही. सासूबाईंना वाटायचं, सूनबाईंचा आहारच कमी.

त्याचे हात बघत राहावेत असे. ब्रेडच्या दोन स्लाइसना बटर, त्यावर हिरवी चटणी, कडेपर्यंत. उकडलेला बटाटा तो पाटावर चिरत नाही. हातात धरून सुरीने चकत्या थेट ब्रेडवर पाडतो, एकावर एक न चढता. मग काकडी, टोमॅटो, कांदा, शेवटी बीट. प्रत्येक थरावर पोचे आलेल्या डब्यातून मसाल्याचा एक झटका. हे सगळं लांब दांड्याच्या टोस्टरमध्ये बंद करून सिगडीवर, आणि बाहेर आलेल्या कडा सुरीने खरवडून खाली. सहा तुकडे. मी फिक्या रंगाची साडी नेसले असले की तो न विचारता बीट गाळायचा. एकदा गाळायला विसरला, आणि माझ्या मोतिया साडीवर पडलेला डाग बघून माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटलं. पैसे घेईना. मी बळेच दिले.

आता जे लिहायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं ते.

आमची चाळ गेली, टॉवर झाला. खाली पार्किंग, पुढे गेट, आणि गेटच्या डाव्या हाताला ही गाडी. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने तक्रारअर्ज केला: गर्दी होते, कागदी प्लेटा पडतात, गाड्या आत घ्यायला त्रास होतो. मी कमिटीवर होते. अर्ज फिरत माझ्याकडे आला, मी सही केली. खोटं काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वॉकर घेऊन चालतात, त्यांना खरोखरच रस्त्यावर उतरून जावं लागायचं. आणि शेजाऱ्यांशी वाकडं कोण घेणार, हेही होतंच.

आठवड्याभरात हातगाडी उचलली गेली. तीन आठवडे तो कोपरा मोकळा होता. आजोबा फूटपाथवरून चालले. मी संध्याकाळी तिथून जाताना मान खाली घालून जात होते.

मग एक दिवस तो परत आला. दंड भरून गाडी सुटली होती, छत्री मिळाली होती, टोस्टर मात्र मिळाला नव्हता. जुना टोस्टर आतून-बाहेरून कोळशासारखा काळा होता, नवा चकचकीत. पहिला घास घेतला आणि माझा चेहरा त्याने वाचला असावा. म्हणाला, “ताई, नवा आहे. काळा व्हायला चार महिने लागतील.” त्या अर्जावर माझी सही आहे हे त्याला माहीत नाही. आजवर सांगायचा धीर झालेला नाही.

नंतर मी पथविक्रेता अधिनियम मिळवून वाचला. जन्म बँकेत गेला, त्यामुळे कलमं वाचायचा कंटाळा नाही. हा कायदा 2014 चा. त्यात म्हटलंय की दर 5 वर्षांनी किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, आणि ते पुरं होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. माल जप्त केला तर त्याची यादी करून सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यायची. न नासणारा माल मागितल्यावर, शुल्क भरून, 2 कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा. टोस्टर काही नासत नाही. त्याला यादीबद्दल विचारलं तर म्हणाला, “कसली यादी?”

स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाला नको, हेही मला ठाऊक आहे. मी पावलं मोजत गेले, 290 भरली. म्हातारीच्या पावलांचे मीटर किती होतात ते ज्याचं त्याने ठरवावं.

त्याच 2014 सालची दुसरी गोष्ट. ग्रँट रोडचं बी. मेरवान, 1914 पासूनचं इराणी हॉटेल, शंभरी भरता भरता बंद होणार अशी बातमी आली. मावा केकसाठी हीऽ रांग! वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेले लोकही आले. मीही त्यातलीच, कशाला खोटं बोलू. पुढे ते पुन्हा उघडलं आणि रांग ओसरली. मेरवानसारख्या किंवा धोबीतलावच्या 1904 सालच्या कयानीसारख्या इराणी हॉटेलांना निदान भिंती असतात, दारावर पाटी असते, त्यामुळे बंद होताना बातमी तरी होते. चार चाकांवरची गाडी गेली की उरतो तो फूटपाथवरचा काळा डाग, आणि तोही एका पावसाळ्यात धुऊन जातो.

तेव्हा यादी छापायचीच तर वेगळी छापा. कुठल्या वॉर्डात सर्वेक्षण झालं, कुणाला प्रमाणपत्र मिळालं, अर्ज कुठे करायचा, सोबत कोणते कागद लागतात. माझ्या सँडविचवाल्याकडे कागद म्हणून जुन्या दंडाच्या पावत्या आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत, बटरच्या डब्याखाली. इतकी वर्षं इथेच उभा आहे याचा दुसरा पुरावा त्याच्यापाशी नाही. मी लेखी द्यायला तयार आहे.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. गेटच्या उजव्या हाताला, जिथे पूर्वी चाळीचा नळ होता, तिथे भिंत आत वळते आणि सोसायटीच्याच हद्दीत हातगाडीपुरती जागा सुटते. गाडी तिथे घेतली तर वॉकरही जाईल आणि मोटारीही. विषयपत्रिकेवर घ्या म्हणून सेक्रेटरींना चिठ्ठी दिली आहे. ते म्हणाले, “काकू, मागच्या अर्जावर तुमची सही होती ना?”

होती.

आपली,
एक जुनी वाचक, गिरगाव

ता. क. माझं नाव छापू नये ही विनंती. तो रोज तुमचाच पेपर घेतो, आणि त्याला मला स्वतः सांगायचं आहे.